मानसिक आजारावरून भेदभाव होतोय? २०१७ चा कायदा कसा वापरायचा

मानसिक आजाराच्या कलंकाबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, आठवतो, मग रॅली, पोस्टर, एखादं व्याख्यान, आणि नंतर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सगळं शांत. जनजागृती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे त्या घराला भेदभाव भेटतो तो मेडिक्लेम रिजेक्ट झाल्याच्या ईमेलमध्ये, एचआरच्या केबिनमध्ये, वॉर्डच्या बंद दारापाशी, पोलीस ठाण्याच्या बाकावर. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणासाठी देशाच्या कायद्यात काहीतरी स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त ते समोर ठेवणारं कोणी नसतं म्हणून समोरचा माणूस बिनधास्त नाही म्हणतो. आमच्या घरात हा आजार आहे म्हणून मला हे सगळं वाचावं लागलं, तुम्हाला ऐन गडबडीत शोधत बसायला लागू नये म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत असली की कलमं लक्षात राहतात. इंग्रजांचा १९१२ चा लुनॅसी अ‍ॅक्ट १९९३ पर्यंत चालू होता, त्याचा सगळा भर माणसाला कोंडून समाजाला सुरक्षित ठेवण्यावर. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला, लागू झाला १९९३ मध्ये, तोही मुख्यतः हॉस्पिटलं आणि पेशंट भरती करण्याच्या नियमांचाच. मग ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला एका आश्रमाला आग लागली आणि साखळदंडाने बांधून ठेवलेले २८ पेशंट पळता न आल्यामुळे गेले, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं, २०१४ मध्ये पहिलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण आलं, आणि त्यातून मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, २०१७ झाला जो २०१८ मध्ये लागू झाला. या कायद्यात पेशंटच्या हक्कांचं एक अख्खं प्रकरण आहे, कलम १८ ते २८. तेवढी पानं इंडिया कोडच्या साईटवरून काढून फोनमध्ये ठेवा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आणि एक सवय आजपासून लावा. तोंडी बोलायचं नाही. म्हणजे बोला, गोड बोला, पण निघताना एक साधा अर्ज द्या, कलम नंबर टाकून, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, सही आणि तारखेसकट. शिक्का देत नसतील तर रजिस्टर एडीने पाठवा. ईमेल असेल तर तो पाठवून स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे ज्या कुठल्या बोर्डाकडे किंवा लोकपालाकडे जाल तिथे पहिला प्रश्न हाच असतो की आधी लेखी कळवलं होतं का.

बरं वाटत असतानाच करून ठेवायचे दोन कागद

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

पहिला कागद अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्हचा, कलम ५. कोणतीही १८ वर्षांवरची व्यक्ती, आजार असो नसो, लिहून ठेवू शकते की उद्या माझी निर्णय घ्यायची क्षमता गेली तर माझ्यावर कोणते उपचार करा, कोणते करू नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. यात तुम्ही अगदी ठोस लिहा, उदाहरणार्थ अमुक औषधाने मला खूप त्रास झाला होता ते आधी सांगितल्याशिवाय देऊ नका, शॉक ट्रीटमेंट नको किंवा चालेल, अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर शक्यतो या शहरात करा, माझ्या ऑफिसला कोणी काही कळवायचं नाही. खाली सही, दोन साक्षीदार, आणि मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे, म्हणजे याच कायद्याखाली पेशंटच्या हक्कांचे अर्ज ऐकणाऱ्या बोर्डाकडे, नोंदणी. एक प्रत तुमच्या डॉक्टरकडे गेलीच पाहिजे, कारण प्रत मिळालीच नव्हती असं असेल तर डॉक्टरला जबाबदार धरता येत नाही. दोन मर्यादा आहेत. इमर्जन्सी उपचारांना हा कागद लागू होत नाही. आणि डॉक्टर किंवा घरच्यांना तो पाळायचा नसेल तर त्यांना बोर्डाकडे अर्ज करावा लागतो, आपल्या मनाने बाजूला ठेवता येत नाही. तुमचा विचार बदलला तर तुम्ही तो कधीही बदलू शकता.

दुसरा कागद नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हचा, म्हणजे तुमच्या वतीने बोलायला तुम्हीच नेमलेल्या माणसाचा, कलम १४. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा, बस. तो माणूस सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही, मैत्रीण चालते, शेजारच्या काकू चालतात. ज्यांचं घरच्यांशी पटत नाही, किंवा प्रॉपर्टीवरून भावाभावांत वाद आहेत, त्यांनी हे नक्की करा. कारण नाव दिलं नसेल तर कायदा आधी नातेवाईकाकडेच जातो आणि तोच नातेवाईक तुम्हाला अ‍ॅडमिट करायला सह्या देतो. नेमका तोच माणूस तुम्हाला नको असू शकतो.

हॉस्पिटलमध्ये

स्वतःहून अ‍ॅडमिट झालेला पेशंट स्वतःहून डिस्चार्ज मागू शकतो, कलम ८८, डॉक्टरला फार तर २४ तास थांबवून तपासणी करता येते. दुसऱ्यांनी अ‍ॅडमिट केलेलं असेल तर कलम ८९, त्याची मुदत ३० दिवस, पुढे ठेवायचं तर कलम ९० आणि बोर्डाची परवानगी. सक्तीने टक्कल करता येत नाही, स्वतःचे कपडे घालू द्यावे लागतात, काम करून घेतलं तर मोबदला द्यावा लागतो, हे सगळं कलम २० मध्ये. साखळीने बांधणं कुठल्याही प्रकारे चालत नाही, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देता येत नाही, कलम ९५. आणि कलम १९ खूप मोलाचं आहे, घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही एवढ्या कारणासाठी कोणाला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेता येत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, आपल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत, मुंबई हायकोर्टापर्यंत हा विषय गेलेला आहे. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर कलम १९ धरून अर्ज करा.

औषधांचं वेगळं सांगते. कलम १८ प्रमाणे आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी ठिकाणी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सगळीकडे फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामीण रुग्णालयापासून वर. गोळ्या संपल्यात, बाहेरून आणा, किंवा जिल्ह्याला जा, असं सांगितलं तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या आणि प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना. दर महिन्याला दीडशे किलोमीटर एसटीने जाणाऱ्या माणसाची गोळी चुकते, गोळी चुकली की आजार उलटतो, आणि मग गावच म्हणतं की हे काय कधी बरं होत नाही. कलंक असाही तयार होतो, औषधाच्या रिकाम्या कपाटातून.

मेडिक्लेम

कलम २१ उपकलम ४: शारीरिक आजाराला ज्या अटींवर विमा, त्याच अटींवर मानसिक आजाराला. एवढं साधं आहे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्येच कंपन्यांना हे कळवलं, तरी कंपन्यांच्या जुन्या पॉलिसीत मानसिक आजार वगळल्याचं कलम तसंच राहिलं, एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अशाच एका नाकारलेल्या क्लेमवर कंपनीच्या विरोधात निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आयआरडीएआयला पुन्हा सांगावं लागलं की ३१ ऑक्टोबरच्या आत सगळ्या पॉलिसी कायद्याला धरून करा.

तुम्ही काय करायचं. क्लेम नाकारल्याचं कारण लेखी मागा. त्यात सायकिॲट्रिक एक्सक्लूजन वगैरे असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, कलम २१(४) लिहून. एक महिना वाट बघा. उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे क्लेम चालतात, आणि कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं.

पण फॉर्म भरताना आजार लपवू नका. एजंट सांगतो की लिहू नका, कशाला, प्रीमियम वाढेल. त्याचं ऐकू नका. माहिती लपवली म्हणून नाकारलेल्या क्लेमला कलम २१ वाचवत नाही. आधीपासूनचा आजार म्हणून वेटिंग पिरियड लागेल, तो २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, तेवढी वाट बघा. आणि अपेक्षा नीट ठेवा, बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च देतात, दर आठवड्याच्या काउन्सेलिंगची फी त्यात सहसा येत नाही. निरामय या सरकारी आरोग्य विमा योजनेसाठी बरेच पालक धावपळ करतात, ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, फक्त मानसिक आजार असेल तर मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका.

नोकरी

इथे दुसरा कायदा लागतो, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, आरपीडब्ल्यूडी म्हणतात तो. त्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. सरकारी नोकरीत असाल तर कलम २०(४) पाठ करा, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. १७ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या केसमध्ये याच्याही पुढे जाऊन सांगितलं, की ज्या वागण्यावर कारवाई चालू आहे त्यामागे मानसिक आजार हे एक कारण जरी असलं तरी ती शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरते. मेमो आला असेल तर उत्तरात हा निकाल घाला आणि सोबत उपचाराचे कागद जोडा.

खासगीत संरक्षण कमी आहे, खोटी आशा दाखवत नाही. २०(४) खासगी कंपनीला लागू नाही. पण प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, कलम २१, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधा, रजा, लायझन ऑफिसर हे सगळं लिहावं लागतं. तर एचआरला पहिला ईमेल तक्रारीचा नको, फक्त एवढाच की आपलं समान संधी धोरण पाठवता का. बहुतेक ठिकाणी ते नसतं किंवा कोणीतरी कॉपी करून ठेवलेलं असतं, आणि ईमेल गेल्यावर लीगलवाले जागे होतात. मग मागणी ठेवा, सकाळच्या गोळीमुळे एक तास उशिरा येणं, नाइट शिफ्ट नको, महिन्यातून एकदा फॉलोअपला सुट्टी. दाद लागली नाही तर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

ऑफिसने डॉक्टरला फोन करून काय झालंय विचारलं तर डॉक्टर सांगू शकत नाही, २०१७ च्या कायद्याचं कलम २३. डॉक्टरला आधीच सांगून ठेवा, आणि रजेच्या सर्टिफिकेटवर लागेल तेवढंच लिहून मागा.

दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढायचं का हा ज्याचा त्याचा निर्णय. काढायचं तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज, तपासणी सरकारी हॉस्पिटलात, आणि मोजमाप आयडियाज नावाच्या स्केलवर, स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, काम, आणि आजार किती वर्षं आहे. ४० टक्के आले तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणातल्या त्या १ टक्क्यासाठी अर्ज करता येतो ज्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता वगैरे आणि मानसिक आजार एकत्र आहेत. तपासणीला जाताना आपली माणसं छान कपडे घालून, केस विंचरून, सगळं ठीक आहे डॉक्टर असं सांगून येतात आणि टक्के कमी लागतात. वाईट दिवस कसे असतात ते लिहून न्या, सोबत रोज जवळ राहणारा माणूस न्या.

पोलीस, भगत, लग्न

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला घेऊन गेलात आणि हॉस्पिटलने पोलीस केस म्हटलं तर घाबरून उपचार थांबवू नका. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, ती म्हणजे गुन्हा नव्हे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, त्याच्यावर खटला चालवायचा नसतो, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ गेलंच. एखादा अधिकारी ३०९ ची भीती घालत असेल तर हे शांतपणे सांगा. तुम्हाला स्वतःला असं काही वाटत असेल, किंवा घरात कोणाला वाटत असेल, तर १४४१६ ला फोन करा, टेलि मानस, २४ तास, मराठीत बोलतात.

रस्त्यावर भटकणारी आजारी व्यक्ती दिसली तर ठाण्यात कळवा. कलम १०० मध्ये पोलिसांनी तिला लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही, २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घर शोधायचं. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी, रस्त्यावरची माणसं बरी करून घरी पोचवण्यासाठी. घरं सापडतात, लोक ओळखतात, घेतातही.

भूत उतरवायच्या नावाखाली कोणी बांधून मारतंय, मिरचीची धुरी देतंय, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची श्रद्धा दुखवायची नसेल तर एवढंच म्हणा, देवाचं तुम्ही करा, गोळी मी देते. माझा अनुभव आहे की यावर कोणी भांडत नाही.

लग्नाचं थोडक्यात. आजार लपवून लग्न लावू नका, पुढे तीच फसवणूक म्हणून कोर्टात येते आणि सगळ्यात जास्त हाल पेशंटचेच होतात. पण आधीच लग्न झालंय आणि सासरचे म्हणतायत स्किझोफ्रेनिया आहे म्हणजे घटस्फोट होणारच, तर तसं नाही. सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय की नुसतं निदान पुरत नाही, आजार इतक्या प्रमाणात असला पाहिजे की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. मतदानाचंही तसंच, सक्षम कोर्टाने वेडसर ठरवलेलं नसेल तर मत आहे, आजार असला तरी.

दाद कुठे मागायची

कलम २८ प्रमाणे आधी हॉस्पिटलच्या प्रमुखाकडे, मग रिव्ह्यू बोर्ड, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. बोर्डाकडे कलम ७७ खाली पेशंट स्वतः, त्याचा रिप्रेझेंटेटिव्ह, किंवा त्याच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. फी नाही. अ‍ॅडमिट असलेल्या माणसाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही अपवादात्मक परिस्थितीत घेता येतो. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत हायकोर्ट. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोर्टाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१००, दिव्यांग व्यक्तीला आणि मनोरुग्णालयात ठेवलेल्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

पेपरवाल्यांनी उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय छापली तर कलम २४, आणि प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये मानसिक आजार आणि आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम दिलेत, संपादकांना एक पत्र लिहून ते दाखवा.

आणि धोरण हलवायचं असेल तर

इथपर्यंतचं सगळं आपल्या घरापुरतं झालं. पण कलम ३० मध्ये सरकारवरच बंधन आहे, कलंक कमी करायचे कार्यक्रम आखायचे, त्यांना पैसे द्यायचे, राबवायचे, आणि पोलिसांसकट सरकारी अधिकाऱ्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे पोस्टरची रॅली ही कोणाची हौस नाही, ती सरकारची कायदेशीर ड्युटी आहे आणि तिचा हिशोब मागता येतो. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात दहा टक्क्यांच्या वर प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. हे सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात काय चालतं ते आपणच विचारून काढायला हवं.

आरटीआय टाका, १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत लागतं, म्हणून लांबलचक लिहू नका, असं लिहा:

"जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबाबत मागील तीन आर्थिक वर्षांची माहिती द्यावी. १. मंजूर निधी व प्रत्यक्ष खर्च. २. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे. ३. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ कलम ३० नुसार घेतलेले कार्यक्रम व पोलीस प्रशिक्षण, तारखांसह. ४. ग्रामीण रुग्णालयनिहाय मानसिक आजारावरील औषधांचा साठा संपल्याच्या नोंदी."

हा अर्ज जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेही ३० दिवसांच्या आत करायचं. उत्तर आलं की आकडे तसेच ठेवून एका पानावर काढा, जिल्ह्याच्या पेपरच्या वार्ताहराला द्या आणि आमदाराच्या पीएला द्या, सोबत तारांकित प्रश्नाचा मसुदा तयार करूनच द्या, कारण त्यांच्याकडे तो लिहायला वेळ नसतो. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात नागपूरला असतं आणि प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, म्हणून आरटीआय ऑगस्टमध्येच टाकलेला बरा.